जुन्या मालिकेतला वैजनाथ

पुसेगाव,
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुमन,

जनकाआक्काचा तुला, लेकीला पुनमला आन तिच्या लेकराला आशीर्वाद.

तुझं पत्र काल हातात पडलं. वाचलं, आन चष्मा काढून बाजूला ठेवला. येत्या सर्वपित्रीला आमच्या वैजनाथचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तीन दिवसांत सगळं उरकायचं, असं तुमी ठरवलं म्हनतीस. ममईला गेलेला माणूस बारा वर्सं आला न्हाई की मेला धरायचा, आन हितं तर अठ्ठावीस झाली, असं गुरुजी सांगतेत म्हनतीस. सुमन, तो तुझा नवरा हाय, पन माझा पाठचा भाऊ हाय. माय वावरात जायची तवा माझ्याच कडंवर वाढला तो. माय जिती होती तवर असं बोलायची कुनाची हिंमत झाली न्हाई. आता माय गेली, आन लागले का पानं तोडायला? हे संतरामचं डोकं आसंल तर त्याला सांग, तुमची थोरली बहीण अजून जिती हाय म्हनावं.

आता दुसरं. हे बसून वाच. मी वैजूला पाह्यलं.

म्हातारी येडी झाली म्हनू नको. तुला ठावंच हाय, माझे कान गेलेत. कानातलं यंत्र लावलं की नुसती पिठाच्या गिरणीवानी घरघर होती, म्हनून ते डबीत घालून ठेवलंय. फोनचा उपेग न्हाई म्हनून तर आपल्या दोघींचं हे लिहिणं चालू हाय. दुपारी माझा मुन्ना आन सून वावरात गेले की घरात मी एकटी. नात साधना हिंगोलीला हॉस्टेलवर जायच्या आधी मला टीव्हीवर जुन्या शिरेली लावायचं शिकवून गेली. पोलिसांची ती शिरेल आठवती का, सरपंचाच्या ओट्यावर बसून सगळं गाव बघायचं? तीच बघून राहिले.

ऐकू येत न्हाई तर काय बघती म्हनशील. तोंडं बघते. लई गंमत हाय त्यात. पहिल्या भागात ज्या मिशीवाल्याला बेड्या पडल्या, तोच तिसऱ्या भागात डाक्टर होऊन येतो, आन पाचव्यात त्याचाच खून. एका घाऱ्या डोळ्याच्या बाईला तर दर बारीला पांढरं लुगडं. बिचारीला दुसरं कामच देत न्हाईत. मी सगळ्यांना वळखायला लागले, आपल्या भावकीतले असल्यावानी.

परवा एका भागात इन्स्पेक्टरच्या टेबलावर पाण्याचा गिलास ठेवणारा शिपाई आला. ठेवला, मागं सरला, आन कोपऱ्यात जाऊन सोता पाणी प्याला. प्यायच्या आधी त्यानं गिलासात बोट बुडवून एक थेंब भुईवर टाकला. ममईच्या कोनत्या शिपायाला हे सुचंल? आमच्या मायनं आमा तिघा भावंडांना लावलेली सवय हाय ही. मग मी तोंड पाह्यलं. डाव्या भुवईत गोऱ्ह्याचं शिंग लागलेली खाच. सुमन, आपला वैजू.

तवा त्या गुरुजीला सांग, पळसाला हात लावू नको म्हनावं.

तुझी,
जनकाआक्का

•

कुरुंदा,
२० ऑगस्ट २०२५

आक्का,

पायावर डोकं ठेवते. गुडघ्याला तेल लावत जा, सुनेला सांगत जा.

साधनानं तो भाग माझ्या मोबाईलवर पाठवला. अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या खोलीत जाऊन एकटीनं बघितला. तिथलं काम सोडलं तरी किल्ली अजून माझ्याकडंच मागतात. आक्का, ते आहेत. खाचेच्या आधी मी पाठ ओळखली. पाणी ठेवून मागं सरताना एक खांदा खाली जातो ना, तो. मी परत परत बघितलं.

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. गाव म्हणायचं, गणपतीच्या नाटकात चार टाळ्या मिळाल्या म्हणून बायकोलेकरू टाकून पळाला, कुठं हमाली करत मेला असेल. तसं नव्हतं. ते ज्यासाठी गेले ते काम त्यांना मिळालं होतं.

पण हा भाग आगीच्या आधीचा असणार. तुम्हाला आठवत असेल, ते जाऊन वर्ष होत आलं तेव्हा गावातले हरिचंदभाऊ मुंबईहून आले आणि ओट्यावर बसून सांगितलं की वैजनाथच्या खोलीला आग लागली, चौघं राहायचे, दोघांची ओळख पटली, दोघांची पटली नाही. त्यानंतर ना पत्र ना निरोप. तोवर ते जिवंत होते हे आपल्याला ठाऊकच होतं. त्यामुळं या भागानं काही बदलत नाही.

आणि संतरामभाऊजींना बोल लावू नका. हा विधी मी मागितलाय. भाऊजी तर नको म्हणत होते.

का मागितला ते सांगते. दर पितृपंधरवड्यात मी मामंजींचं ताट वाढते, आत्याबाईंचं वाढते. यांचं कुठं वाढू? पितरांत ताट नाही आणि पंगतीत पाट नाही, असा माणूस मी किती वर्षं सांभाळायचा? पुनमच्या लग्नात पत्रिकेवर यांच्या नावाआधी काय छापायचं म्हणून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. गेले असतील तर आपण त्यांना उपाशी ठेवलंय. माझं वय आता पन्नाशी ओलांडून गेलंय आक्का. मी डोळे मिटायच्या आधी हे एका बाजूला लागू दे, एवढंच माझं मागणं आहे.

तुमची,
सुमन

•

पुसेगाव,
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

चि. सौ. सुमन,

अखंड सौभाग्यवती हो. आज हा आशीर्वाद मी तोंडदेखला देत न्हाई, बराबर पाहून देते.

तुझं पत्र आल्यापासून मी ती शिरेल पार उलटीपालटी केली. वैजू अजून पाच भागांत सापडला. एकात पानवाला हाय, साक्ष देतो. एकात चोर हाय, पहिल्याच मारात कबूल होतो. एकात हवालदार हाय आन सायबाला सलाम ठोकतो. तवा मी बी हितं बसून हसले. आन एकात तर त्याला मारलंच मेल्यांनी, नाल्यात पालथा पाडला. पन पुढच्या एका भागात पाहते तर उभा, नवा सदरा घालून. मंग म्हनलं, ह्या शिरेलीत मेलेला माणूस परत येतो, तसा हा बी येईल.

आता बराबर ध्यान देऊन वाच. त्या शेवटल्या भागांत इन्स्पेक्टरच्या हातात फोटो काढायचा मोबाईल हाय. आगीच्या वर्साला असला मोबाईल कुनाकडं होता? मी साधनाला इचारून घेतलं. ती म्हनती, आजी, हे भाग आगीनंतर सात-आठ वर्सांनी काढलेले हायत. आन मला तर तिनं सांगायची बी गरज न्हाई. वैजूचे कानाजवळचे केस पिकलेत. पोट सुटलंय. जळालेल्या माणसाचं पोट सुटतं का?

म्हंजी आग लागली तवा पोरगं त्या खोलीत नव्हतंच. लई वर्सांनी मला जेवण गोड लागलं. गल्लीत पेढे वाटले. कशाचे म्हनून इचारलं लोकांनी, मी म्हनलं, माझ्या भावाला काम लागलं.

सुमन, तुझं कुंकू खरं निघालं. आता तो पुतळ्याचा इषय सोड.

एक काम कर माझं. ज्यात त्याचे केस पिकलेत, त्या भागात तो ठाण्यात बाकड्यावर बसलाय. इन्स्पेक्टर काहीतरी इचारतो, आन वैजू लई येळ बोलतो. बोलता बोलता रडून राहिला. मी टीव्हीला हात लावून पाह्यला, पन हाताला काय ऐकू येतं? साधनाला म्हनलं लिहून पाठव, तर तिची परीक्षा हाय. तू ऐक आन शब्दाला शब्द लिहून धाड. माझ्या भावाचं बोलणं मला अठ्ठावीस वर्सं ऐकायला भेटलं न्हाई.

तुझी,
आक्का

•

पुसेगाव,
४ सप्टेंबर

सुमन,

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या, तरी तुझं पत्र न्हाई. आजारी हायस का? काहून एवढी गप? एवढी आनंदाची बातमी कळवली आन तिकडनं उत्तर न्हाई. हे कार्ड पोचताच दोन ओळी लिही.

आक्का

•

कुरुंदा,
६ सप्टेंबर २०२५

आक्का,

आजारी नव्हते. लिहायला बसायचे आणि उठायचे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या नव्या सुनेनं कुंकवाचा करंडा उचलला, माझ्यापाशी आली आणि थांबली. सासूकडं बघितलं. सासूनं मान हलवली, तेव्हा लावलं. पोरीची चूक नाही. माझ्या कपाळाचं काय करायचं हे या गावात दर सुनेला नव्यानं शिकवावं लागतं. एरवी मी हसून घेते. यावेळी तुमचं पत्र कमरेला खोचलेलं होतं, हसू आलं नाही.

तुम्ही लिहिलंत, कुंकू खरं निघालं. आक्का, माझ्या बाजूनं उलट झालंय.

ते आगीत गेले असं मी धरलं होतं. तोवर माझ्या मनातला तो माणूस घरी यायला निघालेलाच होता. पिशवी भरलेली होती, पुनमला फ्रॉक घेतलेला होता, आणि आगीनं घात केला. मी कुंकू लावलं ते त्या माणसाचं. लोक टोचून बोलायचे तेव्हा मी मनात म्हणायचे, त्यांनी टाकलं नाही मला, त्यांना येता आलं नाही. त्या आगीवरच मी दिवस काढले. आता तुम्ही मला दाखवलंत की ते होते. कामाला जात होते, चहा पीत होते, केस पिकेपर्यंत, पोट सुटेपर्यंत. तेवढ्या वर्षांत पुनम चालायला लागली, शाळेत गेली, तिला टायफॉइड झाला तेव्हा मी तिला खांद्यावर टाकून वसमतला नेलं. आणि त्यांना कुरुंद्याची बस सापडली नाही.

तुम्ही आनंदानं लिहिलंत, मी तुमच्यावर रागावले नाही. तुमचा भाऊ सापडला, पेढे वाटायलाच हवेत.

तुम्ही विचारलेलं लिहिते. इन्स्पेक्टर विचारतो, गावाकडं कोण कोण आहे तुझं? ते म्हणतात, मोठी बहीण आहे साहेब. आईच्या जागी तीच. तिनंच लहानाचं मोठं केलं. तिला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून गेलो नाही. एवढं म्हणून रडतात. पुढं दुसऱ्यांचं बोलणं आहे.

विधी ठरल्याप्रमाणं करायचाय. तुम्ही आलात तर मला आधार होईल.

तुमची,
सुमन

•

पुसेगाव,
९ सप्टेंबर २०२५

सुमन,

तुझं पत्र मी पदराला बांधून हिंडून राहिले. आईच्या जागी तीच, असं म्हनला ना? मला ठावं होतं. रडले, मनमोकळं रडले. सून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

आन तू म्हनशील, ते तर शिरेलीतलं बोलणं. आगं, शिरेल लिहिणाऱ्याला माझं काय ठावं? वैजूनंच घातलं ते. गणपतीच्या नाटकात तो पाठ केलेलं कवा बोलला? मास्तर पडद्यामागून सांगून सांगून थकायचा, आन ह्याचं आपलं मनातलंच चालू. सगळं गाव म्हनायचं, वैजनाथच्या तोंडातून दुसऱ्याचं बोलणं निघतच न्हाई. तसंच तिथं केलं आसंल. बोलायला भेटलं, तवा जे पोटात होतं ते बोलून गेला.

तुझं दुःख मला कळतं. कळत न्हाई असं न्हाई. मी बी रांडाव बाई हाय, नवरा नसण्याची तकलीफ मला काय सांगतीस? पन सुमन, पोरगं म्हनतंय लाज वाटती म्हनून आलो न्हाई. जिता हाय, लाजून राहिलाय. त्याला तुमी जाळणार? उद्या त्याला कळलं की आपल्या घरच्यांनी आपले दिवस घातले, तर तो कोनत्या तोंडानं यील? तुझ्या रागापायी माझ्या भावाच्या वाटेवर मी काटा पडू देणार न्हाई.

मी मुन्नाला संतरामला फोन लावायला लावला. आक्काचा निरोप म्हनून सांगितलं, गुरुजीला नको म्हन. केलंच, तर तुमच्या दारचं पाणी मी पिणार न्हाई, आन मेले तर माझ्या मातीला येऊ नका. संतराम व्हय म्हनला.

आक्का

•

कुरुंदा,
१३ सप्टेंबर २०२५

आक्का,

भाऊजी काल गुरुजींना नको म्हणून सांगून आले. थोरल्या बहिणीचा शब्द त्यांना मोडवत नाही, आणि त्यांनी मोडावा असं मीही म्हणणार नाही. पळसाची पानं गडी सकाळीच घेऊन आला होता. ती आता शेळीपुढं टाकलीत.

भांडण नाही. तुमचं बोलणं मला लागलं, तेही तुमच्याशी मोकळेपणानं वागायची सवय आहे म्हणून सांगते. माझ्या रागापायी, असं तुम्ही लिहिलंत. आक्का, मला राग असता तर बरं झालं असतं. राग येतो आणि जातो.

हळद यंदा बरी आहे, पण पाऊस फार झाला, कंद कुजायची भीती आहे. भाऊजी सारखे वावरात. पुनम शिरडहून येणार होती विधीला, तिला येऊ नको म्हणून कळवलंय. तिनं का म्हणून विचारलं नाही.

तब्येतीला जपा.

सुमन

•

पुसेगाव,
१८ सप्टेंबर २०२५

सुमन बाई,

काल मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी म्हनून साधना घरी आली. मी कौतुकानं टीव्ही लावला. म्हनलं, ये, तुझ्या मामाआजोबाला माझ्याबद्दल बोलताना ऐक. आन एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, मी देवघरात लावते. पोरीनं ऐकलं. माझ्या तोंडाकडं पाह्यलं. परत ऐकलं. आन म्हनली, म्हंजी तिच्या ओठावरून कळलं मला, आजी, राहू दे. मी म्हनलं, लिही. तिनं लिहिलं.

इन्स्पेक्टर इचारतो, घरी कोण असतं? वैजू म्हनतो, कोणी नाही साहेब. बायको होती, ती मेली. लेकरूबाळ झालंच नाही. मागं रडणारं कोणी नाही. आन रडतो.

बहिणीचं नाव न्हाई त्यात कुठं.

आधी तुझा राग आला. खोटं लिहिलं, म्हाताऱ्या बहिऱ्या बाईला फसवलं. मंग ध्यानात आलं, तू हे कसं ऐकलं आसंल. अठ्ठावीस वर्सांनी नवऱ्याचा आवाज कानावर आला, आन त्यानं पहिलं काय सांगितलं तर बायको मेली. ते ऐकून तू उठली, डोळे पुसले, कागद घेतला आन माझ्यासाठी गोड बोलणं लिहिलं. आन मी काय केलं? तुझीच साखर घेऊन तुझ्याच तोंडावर मारली. तू दिलेल्या बोलण्यावर तुझा विधी मोडला. तुला खरं सांगून मला गप करता येत होतं. तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आन मला हळदीचं सांगत बसली.

साधना म्हनती, आजी, ते त्याचं बोलणं नसतं, लेखकानं लिहिलेलं असतं. आसंल. शिकलेल्या पोरीला कळतं. पन मीच तुला लिहिलं ना, वैजनाथच्या तोंडातून दुसऱ्याचं निघत न्हाई म्हनून? बहिणीचं होतं तवा ते मनातलं, आन बायकोचं निघालं तवा लिहिलेलं, असा न्याव मला करता येत न्हाई. आन लिहिलेलं आसंल तरी, सुमन, त्याला ते म्हनताना जीभ अडली न्हाई. पुनम तवा शाळेत जात होती.

मी त्याला कडंवर वाढवलं, त्याच्यावरची माया माझ्यानं काढून टाकता येत न्हाई. मला अजून बी वाटतं तो कुठंतरी हाय. पन माझ्या वाटण्यापायी तू काहून आडकून पडावं?

संतरामला सकाळीच फोन लावायला लावला. म्हनलं, गुरुजीच्या पाया पड, काय करायचं ते कर, पन सर्वपित्रीला विधी झाला पायजे. पुनमला बोलाव. मी शनिवारी मुन्नासोबत येते, हिंगोलीहून वसमतची गाडी धरून. आन एक सांगून ठेवते. माझा नवरा गेला तवा भावकीतल्या बायांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, हाताला काच लागून रगत आलं तरी कुनी थांबलं न्हाई. तुझ्या कपाळाला कुनी हात लावणार न्हाई. त्या घरातली थोरली मी हाय.

एक इचारते, ह्या बारीला खरं सांग. त्याचा आवाज कसा झालाय?

आक्का

•

कुरुंदा,
२९ सप्टेंबर २०२५

आक्का,

पोचल्याचा फोन मुन्नानं केला, बरं वाटलं. जाताना तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. तेव्हा लिहून दाखवायला सवड नव्हती, म्हणून हे पत्र.

ओढ्याकाठी तुम्ही माझ्या शेजारीच होतात, सगळं बघितलंत. पण तुम्हाला ऐकू आलं नाही ते सांगते. पानांचे हातपाय, डोक्याला नारळ, असा तो पुतळा भाऊजींनी लाकडावर ठेवला, तेव्हा पुनमनं मला विचारलं, आई, बाबा इतके उंच होते का? तिला काय सांगणार. मी म्हटलं, होते. नंतर भावकीतल्या एका थोरल्या बाईंनी माझ्या कपाळाकडं हात आणला आणि तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. त्या तुम्हाला काय काय बोलल्या, घराणं काढलं, रीत काढली. तुम्ही मनगट सोडलं नाहीत आणि त्यांच्याकडं शांत बघत राहिलात. शेवटी त्याच थकल्या. ऐकू येत नाही याचा एवढा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर मी आरशासमोर उभी राहिले आणि कुंकवाची डबी उघडली नाही. कुणी पुसलं नाही, मीच लावलं नाही. दिवसभर हात कपाळाकडं जायचा. आता तोही जात नाही.

तुम्ही आवाज विचारलात. जाड झालाय, मामंजींचा होता तसा. शब्दाचा शेवट ओढायची सवय गेली नाही. 'साहेब' म्हणताना अजून आपल्याकडचा सूर लागतो. हे खरं आहे. ते बहिणीचं बोलणं मी माझ्या मनानं लिहिलं होतं, पण खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. त्याच्या तोंडी काय असायला हवं होतं, ते लिहिलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. विधीच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना एकटीनं गाठून विचारलं, गुरुजी, आणि उद्या तो आलाच तर? त्यांना वाटलं मी घाबरले. म्हणाले, बाई, त्यालाही शास्त्रात वाट आहे. असा माणूस आला तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. तुपानं माखून अंघोळ घालायची, तान्ह्या लेकरासारखं त्याचं बारसं करायचं, नाव ठेवायचं. घरच्यांना त्याला जवळ घेता येतं, पंगतीत बसवता येतं. मी विचारलं, आणि बायको? ते म्हणाले, आधीचं लग्न त्या पुतळ्याबरोबर गेलं. बायको हवी असेल तर तिला पुन्हा मागणी घालायची, तिची मर्जी असेल तर पुन्हा लग्न लावायचं.

तेव्हा तुम्ही खुशाल वाट बघा आक्का. मी आडवी येणार नाही, त्या मालिकेचे उरलेले भागही बघा. तो आला तर तुमच्या दारात येऊ द्या. न्हाऊ घाला, बारसं करा, माझ्याकडून घुगऱ्या पाठवीन. तुमचा भाऊ तुम्हाला मिळेल, पुनमला वाटलं तर ती बापाला भेटेल. माझ्याकडं मात्र त्याला विचारायला यावं लागेल, आणि मी नाही म्हणेन.

तुमची,
सुमन